हे जाळं माझं नाही

वकिलांच्या सत्कारात कोणी 'न्यायाचे पुजारी' म्हणालं की माझं डोकं फिरतं. कसले पुजारी! मीही जन्मभर काळा कोट घातला आहे आणि या धंद्यात पहिलं काम शिकलो ते एका सरळ माणसाला खोटं बोलायला लावण्याचं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि मी चांद्याला एका बड्या वकिलाच्या हाताखाली फायली उचलत होतो. चिमूरकडचा एक म्हातारा ढिवर आमच्याकडे आला. त्याच्या गावचं तळं सरकारकडे गेलं होतं आणि मासे धरायचा ठेका बाहेरच्या एका माणसाला मिळाला होता. बापजाद्यांपासून त्या तळ्यात उतरणारा हा माणूस एका सकाळी चोर ठरला. पोलिसांनी त्याचं जाळं पुरावा म्हणून जप्त केलं.

"मले सजा झाली तरी चालते जी," तो म्हणाला. "पन माहं जाळं भेटलं पायजे. घर त्याच्यावरच हाय."

ते जाळं त्याने आणि त्याच्या बायकोने दोन उन्हाळे बसून विणलं होतं. ती नंतर वारली. दुसरं विणायला आता ना तिचे हात होते, ना याची नजर.

आमच्या वकीलसाहेबांनी हे सगळं जांभई देत ऐकलं. "काही कबूल करायचं नाही," ते म्हणाले. "मासे धरले नाहीत, तळ्यावर गेला नाही, जाळं त्याचं नाही." मग माझ्याकडे वळले. "याला नीट पढवून ठेव."

कचेरीबाहेरच्या चिंचेखाली मी त्याला पढवायला बसलो. मासे धरले नाहीत, हे तो कसंबसं म्हणाला. तळ्यावर गेलो नाही, हेही म्हणाला. जाळ्यापाशी मात्र अडून बसला.

"माह्या हातचं हाय ना जी. नाई काऊन म्हनू?"

मी त्याच्यावर खेकसलो. "भाऊ, तुम्हाला सुटायचं आहे की नाही? आधी सुटा. मग जाळं आपोआप हाती येईल."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कायद्याच्या कुठल्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. मीच ठोकून दिलं, कारण मला भूक लागली होती आणि तो ऐकत नव्हता.

कोर्टात जाळं टेबलावर पसरलं. हे तुझं का, असं मॅजिस्ट्रेटने विचारलं. म्हाताऱ्याने जाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"नाई," तो म्हणाला.

पुढे पंच फुटले आणि तो निर्दोष सुटला. वकीलसाहेबांनी बाररूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. मी म्हाताऱ्याला घेऊन मुद्देमालाच्या खोलीत गेलो. तिथल्या कारकुनाने जाळं काढून समोर ठेवलं आणि वरचा हुकूम वाचून दाखवला. आरोपी जाळं आपलं नाही म्हणतो, दुसरा कोणी मालक पुढे आलेला नाही, सबब जाळं सरकारजमा करून लिलावात काढावं.

"तुझं नाही ना? मग मागतोस कसं?" कारकून हसला.

म्हातारा माझ्याकडे वळला. "सायेब, तुमी सांगा ना याईले. तुमीच त मले नाई म्हनायले लावलं होतं."

मी बोललो असतो तर सनद गेली असती. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. अशिलाला पढवणारे आम्ही, वेळ आली की आमचीच वाचा बसते.

 त्याने जाळं उचललं, गुंता होऊ नये अशी नीट घडी घातली आणि परत टेबलावर ठेवलं.

"जो नेईन त्याले सांगजा," तो कारकुनाला म्हणाला, "ओलं ठिवू नोको म्हना. सडते."