लाल फितीची पिन

विमान सोडणं हे माझं काम आहे. उडवतो पायलट, पण त्याला 'आता जा' म्हणणारा माणूस खाली उन्हात उभा असतो, आणि आखातातल्या आमच्या छोट्या एअरपोर्टवर कित्येक वर्षं तो माणूस मी आहे. ट्रॅक्टरने विमान मागे ढकलताना पुढचं चाक मोकळं फिरावं म्हणून त्यात एक पिन खोचतात. ढकलून झालं की ती काढायची, बाजूला जाऊन उभं राहायचं आणि तिची लाल फीत पायलटला दिसेल अशी वर धरायची. मग अंगठा. तोवर तो जागचा हलत नाही.

हिवाळ्यात माझ्या वाट्याला एक जर्मन कंपनी येते. थंडीला विटलेल्या लोकांना उचलून उन्हात नेऊन ठेवायचं, एवढाच तिचा धंदा. कधीकाळी मोजक्या विमानांवर स्पेनच्या बेटांकडे फेऱ्या मारायची. मग मालक बदलले, शेपटीवरचे रंग बदलले. एकदा तर ती बुडाली म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी 'खलास' म्हणत हात झटकले होते. पुढच्या हिवाळ्यात नवा रंग लावून बाई पुन्हा हजर. तिकीट हॉटेलसकट विकतात, त्यामुळे विमान खच्चून भरलेलं. माणसं येतात फिक्कट आणि जातात ती उकडलेल्या कोळंबीसारखी लाल होऊन. आणि विमान टेकलं की टाळ्या वाजवतात. मला त्याचा फार राग यायचा. रिक्षावाल्याने घरी सोडलं तर आपण टाळ्या वाजवतो का, असं मी घरी येऊन म्हणायचो.

आमची मुलगी इथेच वाढली, शिकायला जर्मनीला गेली, तिथली भाषा शिकली आणि एक दिवस तिने फोनवर सांगितलं की एअरहोस्टेस म्हणून नोकरी लागली. कंपनी कोणती, तर हीच. एवढं शिकून ट्रे उचलणार का, म्हणून मी दोन दिवस धुसफुसलो. तिसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. गेल्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा आमच्याकडची फेरी मिळाली. एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. बायकोने इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आदल्या दिवसापासून अळूवड्यांचा घाट घातला.

त्या दिवसांत उत्तरेकडच्या देशांत धुमसत होतं. रोज बातम्या, रोज 'काही होत नाही हो'. आणि नेमकं तिचं विमान वाटेत असताना भर दुपारी वायरलेसवर निरोप आला की पुढचं आकाश बंद केलंय. आमच्या विमानाला वाळवंटावर घिरट्या घालायला सांगितलं होतं. पुढे कुठे पाठवणार, कुणालाच माहीत नव्हतं.

मी घाबरलो. विमान घिरट्या घालतं म्हणजे काय जळतं, ते मला ठाऊक आहे. टाकीत जास्तीचं इंधन म्हणजे जास्तीचं वजन, म्हणून कुणीही ते मापातच भरतं, हेही ठाऊक आहे. ज्याला यातलं काही कळत नाही, त्याने देवाचं नाव घ्यावं आणि बसावं. मी डोक्यात टाकी रिकामी करत बसलो होतो. सोनापूरच्या मजूर कॅम्पमधून येणारे आमचे लोडर ट्रॉलीच्या सावलीत बसले होते. त्या विमानात माझी मुलगी आहे हे त्यांना कळलं होतं. एक जण म्हणाला, "इन्शाल्ला आ जाएगा, सर." मी त्याच्यावर उगाच खेकसलो.

बायकोचे फोन येत होते. मी सांगितलं, थोडा उशीर आहे. तिच्यासमोर टीव्ही चालू होता. ती फोन धरून राहिली आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा वायरलेसवर कळलं की वाट मिळाली, विमान आमच्याकडेच येतंय. मग ते दिसलं. उतरलं, जागेवर आलं, आम्ही चाकांना ठोकळे लावले. हेडफोनच्या वायरीतून कॅप्टनचा आवाज आला. रोज हवेची चौकशी करणारा माणूस फक्त 'थँक यू' म्हणाला. जिने लागले. लोक उतरायला लागले, एकेक पायरी बघत, मुलांचे हात घट्ट धरून. वर दारात माझी मुलगी उभी होती. लिपस्टिक जागच्या जागी, आणि प्रत्येकाला हसून निरोप देत होती. शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग मी वर गेलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, नोबडी क्लॅप्ड टुडे."

तिने हात माझ्या हातात दिला, तो गार पडला होता.

संध्याकाळी ती घरी आली. अळूवडी चिवडत बसली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि अचानक माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, उद्या हिला पाठवायचं नाही. आजारी आहे म्हणून कळवा."

मुलगी इंग्रजीतच म्हणाली की तसं करता येत नाही, आणि मग आईला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. एक एअरहोस्टेस कमी झाली तर नियमाने पन्नासेक प्रवासी चढवता येत नाहीत. त्यांना खाली ठेवणारा माणूसही मीच. घरी जायला आसुसलेली, पोराबाळांची माणसं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मला नियम सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या हाताने सोडू नका तिला."

मुलगी उठून क्रूच्या हॉटेलवर गेली. मी खरंच विचार केला. पिन माझ्या हातात असते. दुसऱ्या कुणाला ड्यूटी देता आली असती. पण माझ्याऐवजी दुसऱ्याने अंगठा दाखवला, म्हणून आकाश बदलणार होतं थोडंच.

दुसऱ्या दिवशी विमान गच्च भरून निघालं. ढकलून झालं. मी वायर काढली, पिन काढली, डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पुढच्या दाराच्या गोल काचेत तिचा चेहरा होता. कॅप्टन माझ्याकडे बघत होता. माझा हात छातीशीच राहिला. एरवी विचारही न करता वर जाणारा हात. कॅप्टनने काचेपलीकडून मान हलवली, काय झालं म्हणून. काचेतून ती बघत होती, आणि तिचा चेहरा आता हसरा नव्हता. तीही घाबरलेली होती, आणि तरी जाणार होती. मी फीत वर धरली. मग अंगठा.

तिनेही काचेवर अंगठा टेकवला. विमान वळलं आणि गेलं.

ड्यूटी संपवून मी घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि लगेच पाठ फिरवली. आम्ही दोघं टीव्ही बंद करून बसलो, फोन मध्ये टीपॉयवर. अंधार पडल्यावर तो वाजला. बायकोने मेसेज वाचून दाखवला: लँडेड. दे क्लॅप्ड.

ती पदराने डोळे पुसत राहिली. मग विचारलं, परत कधी येणार.

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो.

ती उठून अळूवड्या गरम करायला गेली, आणि आतूनच म्हणाली, "तेव्हाही सोडायला तुम्हीच राहा."