फुंकल्याशिवाय गाणं नाही

मांजरसुंब्याच्या चौकात मास्तर चहाला बसले, की हॉटेलवाला आधी मोबाईलवरचं गाणं बंद करायचा. नाहीतर मास्तर अर्धा कप तसाच ठेवून उठत. "हे गाणं न्हाई बे, डबा हाय," एवढंच म्हणत.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले बँडवाले. ते क्लॅरिनेट वाजवायचे. माणसानं फुंकून वाजवलं तेवढंच अस्सल, बाकी सगळी नक्कल, हे त्यांचं मत पक्कं होतं. समोरून डीजेची वरात आली, की ते आपल्या अख्ख्या बँडला पाठ फिरवून उभं करायचे. खरं तर डीजेवर वाजणारी गाणी तेही वाजवत. कुणी तसं म्हणालंच तर म्हणायचे, "माझ्या फुंकीतून गेलं की गाणं पाक होतंय."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. निकाल कळला त्या सकाळी मास्तर न बोलावता क्लॅरिनेट घेऊन दारात उभे. आई लाजून आत पळाली. "वैनी, लगनातच वाजवावं असं कुनी सांगितलंय?" असं म्हणून त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. माझं कौतुक इतक्या मोठ्यानं त्याआधी कुणी केलं नव्हतं.

माझं लग्न ठरलं तोवर मास्तरांचे दात गेले होते. कवळी लावून फुंक धरता येईना. मुलानं, सलीमनं, बँडमध्ये कीबोर्ड आणला आणि मास्तर घरी बसले. मी स्वतः बोलवायला गेले.

"चाचा, पाठवणीला तुम्हीच पाहिजे."

"डब्यासंगं मी कावून येऊ?"

"मग मी वाजंत्र्याशिवायच जाते सासरी."

त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून कीबोर्डचे आणि बापलेकांचे आवाज येऊ लागले.

"थांब! हितं मानूस दम घेतो. बोट उचल."

"अब्बा, कीबोर्डला दम लागत न्हाई."

"ऐकनाऱ्याला लागतो बे!"

लग्नापर्यंत रोज हेच चाललं होतं.

पाठवणीला मास्तर इस्त्रीचा कोट घालून सलीमसमोर उभे राहिले. हातात काही नव्हतं. प्रत्येक ओळ संपली की ते खांदे उचलून दम घेत, आणि सलीम त्यांच्याकडे बघून बोटं उचले. अशाच एका थांब्यात मला आईचा हुंदका स्पष्ट ऐकू आला. मी मागे वळून तिला पुन्हा एकदा मिठी मारली. सलीम बोटं वर धरून तसाच थांबला होता.

गाडीचं दार लागताना मास्तरांचा आवाज कानावर आला, "जमलं. पन दुसऱ्या ओळीला लई घाई केलीस."