गुंडू आणि जाधवची जर्सी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई पेटली होती, तेव्हा आमची पलटण पूर्वेकडच्या डोंगरांत होती. मी लान्स नाईक सावंत, राहणार लालबाग. सेक्शनमध्ये मुंबईचा दुसरा एकच माणूस होता, सिपाही गंगाराम जाधव, परळच्या चाळीतला. दोघांचेही वडील गिरणीत. माझे साच्यावर कापड विणत, त्याचे रिंगखात्यात सूत काढत. त्याच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म घेतला होता. पोस्टवर मुंबईच्या गप्पा मारायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

दोस्त होता, तरी मला त्याचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. ब्रेनगन त्याच्याकडे, गाता गळा त्याच्याकडे, हवालदारांची शाबासकीही त्यालाच.

अस्वलाचं पिल्लू मात्र मला सापडलं. गस्तीवर असताना दरड कोसळलेल्या नाल्यातून रडणं ऐकू आलं. आई दरडीखाली मेली होती, पिल्लू तिला ढुशा देत होतं. मी त्याला शर्टात घालून पोस्टवर आणलं. छातीवरचे ओरखडे अजून आहेत. बाटलीला रबरी बोंड लावून दूध मीच पुढे केलं, तर त्याने तोंड फिरवलं. तेवढ्यात जाधव स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा मोर्चावरचा पहारा, संपवून बंकरमध्ये आला आणि सहज म्हणून बाटली हातात घेतली. पिल्लू घटाघट प्यायलं, वर पिताना घुमल्यासारखा आवाज करू लागलं. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

मी त्याचं नाव वाघ्या ठेवलं होतं. त्या हाकेला ते ढुंकूनही बघायचं नाही. जाधव म्हणाला, "गुंडू," आणि ते दुडुदुडु त्याच्याकडे गेलं. झालं, गुंडू नाव पडलं.

पाळीव जनावर पलटणीच्या पटावर घ्यायचा आमच्याकडे रिवाज असतो. कंपनी कमांडर साहेबांनी तसा हुकूम काढला. गुंडूचं रॅशन सुरू झालं. रोलकॉलला त्याचं नाव पुकारलं की जाधव त्याला मागच्या पायांवर उभं करी आणि म्हणे, "हाजिर, साब!" मी ओळीत उभा राहून दातओठ खायचो. उचलून आणला मी, आणि कौतुक ह्याचं.

जाधवच्या ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाला, "सावंत, तू त्याला आईपासून उचललंस ना, ते त्याच्या डोक्यात बसलंय. विसरेल रे." त्याने धीर द्यायला म्हटलं होतं. मला तो धीरही सलला.

पुढे पलटण उंचावरच्या पोस्टवर हलायची ठरली. तिथे पिल्लू जगलं नसतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मुंबईचे ना तुम्ही? गुंडूला राणीच्या बागेत पोचवा. हँडिंग-टेकिंग नीट करून या. पिल्लू मरता कामा नये."

"यस सर."

दादरला उतरलो तर कडकडीत हरताळ. गिरण्या बंद, दुकानं बंद. लष्कराच्या ट्रकमधून आम्ही परळमार्गे निघालो. लालबागला रस्ताभर दगड पसरले होते. वर्दी दिसली आणि चाळींतून माणसं धावली.

"मिलिटरी आली! गोळ्या घालायला आली!"

एक दगड बॉनेटवर आदळला. दुसरा माझ्या खांद्याला लागला. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी उभा राहून ओरडलो, "अरे, मी सावंतांचा! इथलाच!" कोणी ऐकेना. ड्रायव्हर रिव्हर्स घ्यायला लागला तर मागेही माणसं. जाधवने काय केलं, गुंडूला ठेवलेली पेटी उघडली आणि गुंडूला दोन्ही हातांनी वर धरलं.

"गोळ्या नाय रे, अस्वल हाय! राणीच्या बागेत चाललंय!"

गर्दी थबकली. मग जो हशा उठला, तो दोन्ही बाजूंच्या चाळींपर्यंत गेला. एका म्हातारीने ट्रकच्या फळीवर हात ठेवून विचारलं, "काय खाता रे ह्यां?"

"दूध, आजी."

"आज दूध खंय गावतला तुमका?" असं म्हणून ती आत गेली आणि घरातलं होतं नव्हतं ते तांब्यात घेऊन आली. पोरांनी रस्त्यातले दगड बाजूला केले. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या गजरात आमचा ट्रक निघाला. माझ्या लालबागेत मला कोणी ओळखलं नाही आणि परळच्या जाधवला लोक हात हलवून निरोप देत होते. खांद्यापेक्षा ते जास्त दुखलं.

बागेतल्या डॉक्टरांनी गुंडूला तपासलं. म्हणाले, "ह्याला एकाच हाताची सवय आहे. हे जवान गेले की दूध सोडेल आणि मरेल. आधी ओळखीच्या दुसऱ्या कोणाच्या हातून पाजा, मग आमचा माणूस पाजेल."

दुसरा म्हणजे मी. जाधवने बाटली माझ्याकडे दिली. गुंडूने पंजा मारून ती उडवली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. त्यात कंपनीची तार आली. ब्रेनगनर कमी पडत होते. जाधवने ताबडतोब परतायचं, सावंतने पिल्लू रुळेपर्यंत थांबायचं. इथेही गरज त्याची आणि तिथेही त्याचीच.

निघताना जाधवने अंगातली जर्सी काढली.

"ही घाल."

"मी नाही घालणार."

"मग मरेल ते."

"घाणेरडी आहे."

"म्हणूनच दिली. धुवू नकोस."

तो गेला. गुंडू दिवसभर पिंजऱ्याच्या दाराशी तोंड करून बसला. काही खाईना, काही पिईना. दुसऱ्या दिवशी उठायलाही तयार होईना, तेव्हा मी जर्सी चढवली. त्याने बाहीत नाक खुपसलं, बराच वेळ हुंगलं आणि प्यायला लागला. पिताना घुमलाही. बाटली मी धरली होती, पण ती माया जाधवच्या खाती जमा होत होती. इतका जळफळाट मला कधी झाला नव्हता.

मी जिद्दीला पेटलो. काही दिवस जर्सी अंगात घातली. मग नुसती खांद्यावर टाकली, मग मांडीवर ठेवली. नंतर पिंजऱ्याबाहेर खिळ्याला टांगली. एका सकाळी जर्सी घरीच ठेवून गेलो आणि हाक मारली. गुंडू आला, प्यायला, घुमला. मी एकटाच मोठ्याने हसलो. आता जाधवला गाठून हे सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं, एवढंच डोक्यात होतं.

परतीच्या प्रवासाचं रेल्वे वॉरंट घ्यायला दादर स्टेशनवरच्या लष्करी ऑफिसात गेलो. तिथल्या सुभेदारांनी माझ्या पलटणीचं नाव वाचलं आणि मला बसायला सांगितलं.

आमची तुकडी गस्तीवरून परतत असताना डोंगरावरून फायर आला होता. जाधवने ब्रेनगन लावली आणि सेक्शन मागे काढलं. सगळे निघाले, तो निघाला नाही. सेक्शन माझंच होतं. दहन तिकडेच झालं.

मी जर्सी घेऊन परळला गेलो. बातमी आधीच पोचली होती. त्याच्या आईंनी जर्सी घेतली, मांडीवर ठेवली आणि घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, "मागं घरी आला तवा अस्वलाचंच सांगत व्हता. दाव मला."

मी त्यांना बागेत नेलं. मला पाहताच गुंडू धावत जाळीपाशी आला आणि माझा हात चाटू लागला. आईंनी विचारलं, "हेच का? कुणाचं रं हे, तुझं?"

शेजारी उभा असलेला रखवालदार कौतुकाने म्हणाला, "ह्यांचंच. दूध आता माझ्या हातून पितं, पण धावत जातं ते ह्यांच्याकडेच."

डोंगरात असल्यापासून हेच कोणीतरी म्हणावं म्हणून मी तळमळत होतो.

"नाही आई," मी म्हणालो. "गंगारामचं आहे."

दुधाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि मी बाजूला सरकलो.