धाकटीच्या हातांची बोबडी

ताई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करायची. समोरची अक्षरं वाचताना गिऱ्हाईक अडखळलं, तरी ती घाई करत नसे. भिंग बदलायची आणि शांतपणे विचारायची, "हे बरं की ते?"

तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. लहानपणापासून दोघी खुणांनी बोलत. आईला गुपितं कळू नयेत म्हणून कितीतरी खुणा त्यांनी स्वतःच शोधून काढल्या होत्या. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि पुढे फोनला कॅमेरे आले, तसं तिचं व्हिडिओतून बोलणं सुरू झालं. शिलाईच्या कारखान्यातून घरी आली की फोन बरणीला टेकवून ती दिवसभराची कहाणी हातांनी सांगायची. मुकादमाची नक्कल, सासूशी झालेली खडाजंगी, सगळं त्यात असे. ताईने त्यातला एकही व्हिडिओ पुसला नव्हता.

शेवटी कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली. ताईचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "जुने टाक पुसून. ती भांडणं मिटलीसुद्धा."

"मिटली, पण ती सांगते किती छान!"

मग दुकानातल्या एका सहकाऱ्याने ताईला एक प्रोग्राम दिला. कपडे नीट घडी घालून ठेवले की त्याच कपाटात जास्त मावतात, तसाच हा व्हिडिओ नव्याने बांधून लहान करतो, असं त्याने समजावलं. ताईने एक व्हिडिओ घेऊन हावरटपणे सगळ्यात लहान आकार निवडला. फाइल एवढीशी झाली. नवऱ्याने वाकून पाहिलं. "चेहरा तर लख्ख दिसतोय. आणखी काय पाहिजे?"

ताईने तो नमुना धाकटीला पाठवला. लगेच उत्तराचा व्हिडिओ आला. धाकटी कपाळाला आठ्या घालून हातवारे करत होती, "हे काय केलंस? माझ्या हातांची बोबडी वळलीय!"

ताईने पुन्हा निरखून पाहिलं. चेहरा खरंच स्वच्छ होता, पण हात वेगाने हलले की बोटं एकमेकांत विरघळत होती. 'मुकादम' आणि 'म्हैस' या दोन खुणांत काही फरकच उरला नव्हता.

सुट्टीत धाकटी राहायला आली, तेव्हा दोघी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसल्या. ताई एकच तुकडा वेगवेगळ्या आकारांत बांधायची आणि खुणेने विचारायची, "हे बरं की ते?" धाकटी भलतीच चिकित्सक गिऱ्हाईक निघाली. करंगळी दिसत नाही म्हणून तिने दोन नमुने नापास केले. खूप खटपटीनंतर ताईच्या लक्षात आलं, की प्रोग्राम जागा वाचवायला हालचालीतली मधली मधली चित्रं गाळतोय. ते बंद केलं आणि बोटं सुटी झाली. त्या बदल्यात मागची भिंत थोडी धुरकट झाली, पण भिंत कुठे काय बोलते?

"आवाज काढून टाक," धाकटीने सुचवलं. "तेवढीच जागा वाचेल. ऐकतंय कोण?"

"मी ऐकते."

धाकटीने चमकून पाहिलं. "मी आवाज करते?"

"भरपूर. टाळ्या वाजवतेस, टेबलावर थापा मारतेस. आणि हसतेस तर असं, की शेजारचं मांजर पळून जाईल."

धाकटीचा चेहरा जरा पडला. शाळेत हसताना तोंडावर हात ठेवायला शिकवलं होतं तिला. "वाईट वाटतं का ऐकायला?"

ताईने थोडा विचार केला. "वाईट नाही. तुझं हसू कुठूनही ओळखू येतं. व्हिडिओ लावून मी कामं करत असते. हात दिसत नाहीत तेव्हा नुसतं ऐकते."

धाकटीने खात्री करायला मागे उभ्या असलेल्या भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी पोटावर हात ठेवून, खांदे उडवून तिच्या हसण्याची नक्कल केली. ती इतकी मोठ्याने हसली, की ताईनेच कानांवर हात ठेवले. आवाज जसाच्या तसा राहिला.

पुढे बरेच दिवस कॉम्प्युटर व्हिडिओ बांधत राहिला. ताई सकाळी त्याला कामाला लावून जायची, संध्याकाळी एकेक उघडून बोटं तपासायची आणि मगच मूळ फाइल पुसायची. अर्ध्याहून जास्त डिस्क मोकळी झाली. ही बातमी कळताच धाकटीचा व्हिडिओ आला. कारखान्यात नवीन मुकादम आला होता आणि त्याच्याबद्दल तिला सविस्तर सांगायचं होतं. ताईने खुर्ची पुढे ओढली.