इंजिनात ओतलेली घागर
तापलेल्या इंजिनाचा वास आला की लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाच्या दुष्काळातली एस.टी. आठवते. ती औशाच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर इंजिनासाठी पाणी मागत होता, आणि नव्या जिल्हा कचेरीतली नोकरीची मुलाखत चुकणार म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. बाळंतीण लेकीसाठी घागरभर पाणी नेणारी गाडीतलीच एक मावशी म्हणाली, "ओता हे. पोरगं साहेब व्हायला निघालंय." मी म्हणालो, "मावशी, राहू द्या." "गप ऱ्हा. नोकरी लागली की टँकर धाड!" सगळं पाणी ओतलं, तरी गाडी सुरू झाली नाही. रिकामी घागर काखेत घेऊन मावशी उन्हात लेकीच्या गावाकडे चालू लागली. माझी मुलाखत हुकली. पुढे नोकरी लागलीही, पण ती बाळंतीण त्या दिवशी काय प्यायली, हे मला आजही माहीत नाही.