दगडाची खालची बाजू

हेल्गाबाईंनी माझं काम पहिल्यांदा तपासलं ते गुडघ्यांवर बसून. सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाचा ओटा बसवला होता. काळा ग्रॅनाइट, तोंड दिसेल असं पॉलिश. सत्तरी ओलांडलेल्या त्या उंच जर्मन बाईंनी वर नजरही टाकली नाही. वाकून ओट्याच्या खालून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथे खरखरीत आहे."

"मॅडम, खालून कोण बघतं?"

"वरून सगळेच चांगले असतात, मिस्टर पवार."

माझं डोकं फिरलं. आम्ही पाथरवट. आई छिन्नीसारखी टाकी आणि हातोडा घेऊन दारोदार पाट्या-वरवंट्यांना टाके घालायची. मी सिंगापुरात शून्यातून वर्कशॉप उभं केलं, आणि ही बाई मला दगड शिकवणार. तरी घासून दिलं. असं गिऱ्हाईक हातचं सोडायचं नसतं.

दोन वर्षांनी त्यांनी बोलावलं ते थडग्यांसाठी. एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कोपऱ्यात चार जर्मन नाविक पुरलेले होते. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपानच्या ताब्यात असताना जर्मन पाणबुड्या इथल्या बंदरात येत. तिघांची नावं माहीत होती. चौथ्याच्या जागी नुसतं 'एक जर्मन नाविक'. देखभाल करणाऱ्या मंडळातर्फे बाई तिथे नवे दगड बसवून घेत होत्या. मी उभे, चकचकीत दगड सुचवले.

"आडवे हवेत. वाचायला माणसाने वाकलं पाहिजे. पॉलिशही नको, तिथे मला माझा चेहरा बघायचा नाही. आणि खालची बाजू सपाट करा."

"ती तर मातीत जाणार. कोण वाचणार आहे?"

"जे खाली आहेत ते."

मी वहीत लिहून घेतलं: खालची बाजू सपाट.

मग हळूहळू कळलं, त्यांचे वडील याच बंदरात आजारी म्हणून पाणबुडीवरून उतरले होते. शेवटच्या पत्रात तेवढंच होतं. बाई तेव्हा तीन वर्षांच्या.

"मग चौथे तेच," मी म्हणालो. "नाव कोरून टाकतो. कोण विचारायला येतंय?"

"खात्री नाही. दुसऱ्या कोणाचे वडील असतील, तर त्यांना कायम माझ्या वडिलांच्या नावाखाली झोपावं लागेल."

तिथे माझा तोल गेला. माझा बाप दगडाच्या खाणीत सुरुंगाखाली गेला. हजेरीपुस्तकात नाव नाही म्हणून मालक म्हणाला, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. ढिगाऱ्यातून जे निघालं त्याच्यावर कोणाचंच नाव लागलं नाही. आईने त्या दारात वर्षभर खेटे घातले. "त्या मालकालाही तुमच्यासारखीच खात्री हवी होती, मॅडम," मी ओरडलो.

बाईंनी पर्समधून कागद काढला. "त्यांचं नाव काय? तुमच्या लिपीत लिहून द्या."

मी रागारागातच लिहिलं. गेनू पवार.

त्या शनिवारी मी साइटवर होतो. परत आलो तर वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेल्या आईच्या टाकीची धार गेलेली. जर्मन मॅडम दगड बघायला आल्या होत्या, दुपारभर बसल्या, असं माझ्या कामगारांनी सांगितलं. मी लगेच फोन लावला. "ती माझ्या आईची टाकी आहे, खेळणं नव्हे." आणखीही बरंच बोललो. त्या फक्त म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

दगड बसले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई तिथे जात. एकदा मीही गेलो होतो. भर दुपार होती. त्या एकेक नाव मोठ्याने घेत आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबत. चौथ्यापाशी नाव नाही, नुसतं थांबणं, आणि तेच सगळ्यांत लांब. झाडांतले किडे एकसारखे किरकिरत होते. तेवढा वेळ त्यांची किरकिर थांबली.

चौथा दगड मात्र डावीकडून खचत राहिला. चौघांचा पाया सारखाच, माझ्या हातचा. "कूस बदलतोय," बाई म्हणायच्या. हसायच्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी मंडळाचा फोन आला, चौथा दगड फारच कलला आहे. दगड बसवताना माझ्या हाताखाली असलेल्या मुरुगनला घेऊन गेलो. पहारीने दगड उचलला तेव्हा मुळं तुटल्याचा बारीक आवाज आला. आम्ही तो उलटवला.

खालच्या बाजूवर दोन नावं होती, उथळ आणि वेडीवाकडी कोरलेली. वरचं जर्मन. त्याखाली गेनू पवार. केसासारखी पांढरी मुळं त्या खाचांतूनच वाढली होती, काना, मात्रा, उकार धरून. बाकी दगड कोरा होता.

"तू बसवताना पाहिलं होतंस?" मी मुरुगनला विचारलं.

"पाहिलं, बॉस. मॅडम म्हणाली, सांगू नको. आणि तू रागावतो."

मी काहीच साफ केलं नाही. पाया भरला, दगड होता तसा पालथा घातला. मग बाईंसारखी तिघांची नावं घेतली. चौथ्यापाशी आलो. बाईंच्या वडिलांचं नाव घेतलं आणि थांबलो. मग माझ्या बापाचं.

किडे थांबले.

"कोणाला बोलावतो, बॉस?" मुरुगन म्हणाला.

मी हातानेच त्याला गप्प केलं. उत्तर यायला लागतो तेवढा वेळ अजून झाला नव्हता.