बाबांचं पडद्यावरचं मरण

मला सिनेमातलं फारसं काही कळत नाही, मतं मात्र भरपूर आहेत. महाडच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. संध्याकाळी जेवताना समोर जे लागेल ते बघतो आणि ताट संपलं की उठतो. त्यामुळे शेवटापर्यंत पाहिलेले सिनेमे बोटांवर मोजण्याएवढेच. बायको म्हणते, "अर्धं बघून पूर्ण मत देणारे तुम्हीच." खरं आहे तिचं. पण गणितात पहिल्या दोन पायऱ्या चुकल्या की पुढचं उत्तर तपासायला लागत नाही, तसंच आहे हे.

उदाहरणार्थ, पडद्यावर कोकण म्हटलं की समुद्र लागतोच. आमच्या पोलादपूरकडच्या वाड्यांवर जन्म काढलेल्या कितीतरी बायकांनी समुद्र फक्त मालिकेत पाहिलाय, पण ते कोणाला सांगायचं? ऐतिहासिक मालिकांत मावळे गडाच्या पायऱ्या धावत चढतात आणि वर पोचल्या पोचल्या दोन मिनिटांचं भाषण करतात. मी वर्षातून एकदा पाचाडहून रायगड चढतो. अर्ध्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी "किती देऊ?" विचारतात, तर मला बोटं दाखवून सांगावं लागतं. वेब सिरीजमधले पोलीस दर वाक्याला शिवी देतात. पाकीट हरवलं तेव्हा मी ठाण्यात गेलो होतो, तिथे मला आधी चहा आणि मग फॉर्म मिळाला.

पण माझा खरा राग आहे तो पडद्यावरच्या मरणांवर. माणूस गेला की पाचव्या मिनिटाला सगळे इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हजर. लाकडं कोणी आणली, पाणी कोणी तापवलं, याचा पत्ता नाही. मुख्य म्हणजे मुंबईवाल्यांची वाट कोणी बघत नाही. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला. कोणी गेलं की पहिला फोन तिकडे जातो आणि ते येईपर्यंत मयत उचलत नाहीत. सगळं गाव अंगणात बसून राहतं. अधूनमधून कोणीतरी विचारतं, "मुंबयची मानसा आली काय?" नाही म्हटलं की पुन्हा शांतता. ही वाट बघणंच आमच्याकडचं खरं मरण आहे, आणि ते मी अजून एकाही पडद्यावर पाहिलेलं नव्हतं.

असली मतं मी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहितो. चांगले तीन-तीन परिच्छेद. खाली दोघे-चौघे अंगठा देतात. त्यातला एक अंगठा माझ्या चुलत मेव्हण्याचा, आणि तो मी पाठवल्यापासून तीन सेकंदांत येतो. एवढ्या वेळात तो वाचतो काय, हे त्यालाच ठाऊक.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वाडीवर एका वेब सिरीजचं चित्रीकरण आलं. त्यांना गावातला एक म्हातारा मरायला हवा होता. मुंबईहून आणलेला नट पहिल्याच दिवशी तापाने पडला. दिग्दर्शकाने ओट्यावर बसलेल्या माझ्या बाबांना पाहिलं आणि म्हणाला, "काका, नुसतं पडून राहायचंय." बाबा म्हणाले, "त्ये जमंल."

आईने घर डोक्यावर घेतलं. "जित्या मानसाला तिरडीवर घालतात काय रे?" शेवटी तडजोड झाली, की बाबांना दोरीने बांधायचं नाही आणि खांद्यावरून दहा पावलांच्या पुढे न्यायचं नाही. शिवाय खोट्या मरणाने आयुष्य वाढतं, असं गावातल्या चार जाणत्यांनी सांगितलं. तेव्हा ती गप्प झाली, पण मीठमोहऱ्या हाताशी ठेवूनच.

बाबा तिरडीवर पडले. गाव अंगणात बसलं. दिग्दर्शक "उचला" म्हणून ओरडला, पण कोणी हलेना. शेजारच्या म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "मुंबयची मानसा आली काय?" दिग्दर्शक खूश! "वा, हे ठेवू या. आणि दुसरं कोणीतरी म्हणा, नाही आली, उचला." गाव एकमेकांकडे बघायला लागलं. असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. शेवटी वाडीतल्या एकाने मान खाली घालून म्हटलं, "नाय आली. उचला."

मी बाबांचा चेहरा बघत होतो. मेलेल्या माणसाचा जबडा तसा आवळलेला नसतो.

असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, पण एकदा म्हटलं गेलं होतं, आणि ते बाबांनीच. नऊ वर्षांपूर्वी, माझी आजी गेली तेव्हा. ऐन श्रावण, रस्त्यावर दरड आलेली, सावित्री नदी दुथडी भरलेली. मुंबईहून निघालेले धाकटे काका माणगावला अडकले होते. बाबांनी एक दिवस आणि एक रात्र वाट पाहिली आणि मग जाणत्यांचं ऐकून "उचला" म्हणाले. काका त्याच्या दुसऱ्या दिवशी चालत, चिखलात गुडघ्यापर्यंत भरून पोचले. राखेसमोर उभे राहिले, घरात पाणीसुद्धा न घेता परत गेले. त्यानंतर ना गणपतीला आले, ना शिमग्याला. बाबाही कधी फोन करेनात. मी भावकीच्या गटात काकांना जोडलं, तर पाच मिनिटांत बाहेर पडले. दोन म्हातारे हट्ट धरून बसले होते आणि दोघांचंही वय काही थांबून राहत नव्हतं. एखाद दिवशी खरंच कोणीतरी जाईल आणि हे तसंच राहील, याची मला भीती वाटायची.

उन्हाळ्यात ती सिरीज मोबाईलवर आली. बाबांचं मरण चाळीस सेकंदांचं. मी ते जेवण थांबवून बघितलं, यातच सगळं आलं. तेवढाच तुकडा कापून गटावर टाकला. खाली वेगळ्या संदेशात सविस्तर परीक्षण लिहिलं. पडद्यावरचं पहिलं खरं मरण, बाबांचा संयत अभिनय, वाट बघण्याचं महत्त्व वगैरे. बाबांचं हे मरण सिरीजमधलं आहे, हे तिसऱ्या परिच्छेदात होतं.

व्हिडिओ मुंबईत फिरला. परीक्षण जागेवरच राहिलं.

पुढच्या रविवारी मी वाडीवर होतो. सकाळी बाबा ओट्यावर कोरा चहा पीत होते. एवढ्यात खालून एस्टीच्या थांब्याकडून कोणीतरी ओरडत येताना ऐकू आलं. "या टायमाला पन थांबला नाय रे तुमी! आईच्या टायमाला दरड व्हती. आता काय व्हता? आता काय व्हता रे?"

आवाज ओळखून बाबांनी कप खाली ठेवला. पेंढ्याच्या उडवीमागून काका अंगणात आले. पायांत चपला, हातात पिशवी, आणि डोकं नि मिशी सफाचट भादरलेली. मोठ्या भावाच्या नावाने करायचं ते सगळं ते मुंबईतल्या सलूनमध्ये करून आले होते.

मालिकेत इथे कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीनदा गेला असता, ढगांचा गडगडाट झाला असता आणि मग जाहिरात. काका नुसते मटकन खाली बसले. आई बाहेर आली, तिने ते डोकं पाहिलं आणि "अगो बाय गो माजी" म्हणत मीठमोहऱ्या आणायला आत पळाली. नजर नक्की कोणाची काढायची, हे तिलाही ठरवता येईना.

"फोन तरी करायचास," बाबा कसेबसे म्हणाले.

"काय इचारू फोनवर? माजा भाव जाळलात काय म्हनून?" काका रडत होते. "ही बोलली, फोन लावा, फोन लावा. मी बोललो, त्यांनी नाय लावला, मी कशाला लावू? मी कानांनी ऐकला रे. नाय आली, उचला."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी काकांना सांगायला लागलो, की तो व्हिडिओ मीच टाकला, सिरीजमधला आहे, खाली सगळं लिहिलं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजा त्ये कोन वाचतो?" ते म्हणाले.

बाबा उठले. मला वाटलं, आता मिठी मारतील. तसं काही झालं नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून काकांच्या गुळगुळीत डोक्यावर बसवली. "ऊन लागंल," म्हणाले. मग तिथेच, धाकट्या भावाच्या शेजारी जमिनीवर बसले.

आई दोघांवरून एकदमच मीठमोहऱ्या ओवाळून गेली. मग बाबा बोलले, आणि नऊ वर्षं त्यांच्या जबड्यात काय अडकलं होतं ते मला कळलं.

"आईच्या टायमाला थांबायला पायजे व्हता. लोकांचा ऐकला मी. चुकला माजा."

काकांनी नाक पुसलं. "दोन दिवस कोन ठेवतो पावसात," म्हणाले. नऊ वर्षं हेच वाक्य आम्ही सगळे त्यांना निरोपांतून पाठवत होतो आणि ते ऐकत नव्हते.

दुपारी काका जेवायला बसले, तेव्हा मी गटावर लिहिलं, "बाबा सुखरूप आहेत. काका घरी आलेत." माझं ते एकच परीक्षण सगळ्यांनी वाचलं. मेव्हण्याने तर उलट फोन केला.

जेवताना बाबांनी मला सुनावलं, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माज्या टायमाला ह्यो येईस्तवर उचलायचा नाय. दरड येवू दे, नायतर पूर."

काका भात कालवत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "आनि माजा नंबर आदी लागला तर?"

"मंग तू थांब," बाबा म्हणाले. "मी येतो."